गिरजा, डोमा आणि बांधलेलं पाणी: जादूच्या कादंबरीचा मसुदा, मतं हवीत

वैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. नवेगावबांधच्या अलीकडे आमचं गाव. दिवसा पतसंस्थेत हिशेब, रात्री लिखाण. सोळा ते वीस वयाच्या वाचकांसाठी एक कादंबरी लिहिते आहे. जादूची आहे, आणि जिथे जडायला नको तिथे जडलेल्या प्रेमाची आहे. आमच्याकडच्या पोरापोरींना असल्या गोष्टी हिंदीत डब केलेल्या मालिकांतून मिळतात. त्यात दगडी किल्ले, काळे झगे आणि बर्फच बर्फ. आमच्या गावात बर्फ दिसतो तो मंडईतल्या गोळ्याच्या गाडीवर. म्हटलं, आपल्या तळ्याच्या पाळीवर जादू का घडू नये?

थोडक्यात कथा अशी. गावाचं नाव सातबांध, काल्पनिक. काळ मुद्दाम धूसर ठेवलाय, पण वीज नाही, मोटार नाही, गोंड राजाचा दिवाण वर्षातून एकदा घोड्यावरून येतो. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं. पाळ बांधणाऱ्या घराण्यात एक कला आहे, 'हाक'. पाळीवर उभं राहून हाक घातली की पाणी चढतं, उतरतं. काठावरच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत दुसरी कला, 'थांग'. पाण्यात हात बुडवला की तळाशी काय दडलंय ते कळतं. एकाला एकच येते. आणि जुना दंडक असा की या दोन घरांत सोयरीक नाही. एकदा झाली होती, तेव्हा पाळ फुटली आणि अर्धं गाव वाहून गेलं, असं म्हातारी माणसं सांगतात. गिरजा हाकेच्या घरची, वय अठरा. डोमा थांगेच्या घरचा, एकोणीस. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

तिसरं पात्र वेणूबाई. विधवा, जडीबुटी जाणणारी, गावाच्या टोकाला एकटी राहते. ती दोघांच्या चिठ्ठ्या पोचवते.

माझी अडचण दोन ठिकाणी आहे. जादू कितपत 'खरी' दाखवू? आणि शेवट काय करू? मनात तीन शेवट आहेत, तिन्ही मला पटत नाहीत. पहिली चार प्रकरणं दुव्यावर टाकली आहेत, वाचून बघा.

वऱ्हाडी_ठेचा

वाचलं बाप्पा. मजा आली. पण थे दिवाण घोड्यावर येते, वसुली करते आन् जाते, त्याले एखांदा वाघ काऊन नाई भेटत? झाडीपट्टीतली, म्हंजे पूर्व विदर्भातली, गोष्ट आन् वाघ नाई म्हंजे पोळा हाय पन बैल नाई.

शेवटाचं मी काई सांगत नाई. पन त्या पोट्ट्याले मारू नका. मले थो आवडला.

पाळीवरचा_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, भंडारा जिल्हा. कथा आवडली. पण तळ्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या मसुद्यात तळं नुसतं 'आहे'. आमच्याकडे तळं कधी नुसतं नसतं.

आपल्या भागातली ही मालगुजारी तलावांची (मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनदार) पद्धत गोंड राजांच्या काळातली. कोहळी समाजाच्या लोकांनी जंगल तोडून गावं वसवली, उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या. तळं बांधणाऱ्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. नवेगावबांधचं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं म्हणतात, आणि ते इतक्या श्रद्धेने की माणूस देव झाला. कोलासुराचं ठाणं आजही तळ्याजवळ आहे. तुम्ही त्याच मुलखातल्या, तुम्हाला ठाऊक असणारच. म्हणजे तळं बांधणाऱ्या माणसात काहीतरी अचाट आहे, ही कल्पना तुमच्या डोक्यातून निघालेली नाही. ती जमिनीतच आहे. तिचा उपयोग करा.

आता तळ्याचं अंग समजून घ्या. पाळ म्हणजे मातीचा बांध. पाळीत तुडुम, म्हणजे खाली पाणी सोडायची जागा. एका बाजूला सांडवा, जादा पाणी निघून जायला. खाली पाट, पाटाच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. रोवणी झाली आणि पावसाने दडी मारली की तुडुम उघडायचं. पुन्हा धान निसवताना पाणी लागतं. कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या नंतर, यावरून भाऊ भावाच्या डोक्यात कुदळ घालतो. पाणी वाटून द्यायला गावं उगाच माणूस पोसत नव्हती.

आणि पाळ का फुटते? शापाने नाही फुटत. सांडवा बुजवला की फुटते. जास्त पाणी साठावं, आपल्या वरच्या जमिनीलाही मिळावं, म्हणून एखादा बडा माणूस सांडव्यात माती टाकून उंची वाढवतो. श्रावणात एक रात्र मुसळधार कोसळला की पाणी पाळीवरून जायला लागतं. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती अर्ध्या रात्रीत कापली जाते. सकाळी गावाला कारण हवं असतं. बडा माणूस कारण पुरवतो.

बघा, तुमच्या कादंबरीत काही कामाचं आहे का.

निशाचर_वाचक

मास्तर, तुम्ही तर रहस्यकथा लिहून टाकली.

वैनगंगाकाठची

मास्तर, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून वही उघडली ती उघडीच आहे. म्हणजे दंडकच मुळात कोणीतरी स्वतःचं पाप झाकायला घातला. गिरजाच्या खापरपणजोबाने सांडवा बुजवला, आणि खापर फुटलं ते एका लग्नावर. हे तळाशी पुरलेलं आहे, आणि तळाशी काय आहे हे फक्त डोमाला कळू शकतं. पण पाणी उतरवून ते सगळ्यांना दाखवायचं तर गिरजाचीच हाक लागेल. स्वतःच्याच घराण्याविरुद्ध.

मोझरी_रोड

मी जरा विरजण घालतो. वाईट वाटून घेऊ नका.

मी अमरावती जिल्ह्यातला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तरुणपणापासून. विदर्भातल्या खेड्यात जादूची गोष्ट लिहिणं आणि बर्फाच्या देशात लिहिणं यात फरक आहे. तिकडे चेटकीण पुस्तकात उरली आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या सळईने डागतात, अजूनही. अशा ठिकाणी एकटी विधवा, जडीबुटी जाणणारी, गावाच्या टोकाला राहणारी, आणि कादंबरीत जादू खरी! तुमची वेणूबाई कोणाकोणाला कोणाची आठवण करून देईल, याचा विचार केलात?

कायद्याचं बोलायचं तर घाबरू नका. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ला झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम आला आणि डिसेंबरात कायदा. जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो तो हाच. अमुक बाई करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्किल करणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून लोकांना फसवणं, लुबाडणं, यांना शिक्षा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. गोष्ट लिहिणं त्यात बसत नाही. प्रश्न कायद्याचा नाहीच. प्रश्न असा, की पुस्तक मिटल्यावर तुमचा सोळा वर्षांचा वाचक शेजारच्या म्हातारीकडे कुठल्या डोळ्याने बघेल.

वऱ्हाडी_ठेचा

दादा, म्हंजे आमी आता राक्षसाच्या गोष्टी बी आयकाच्या नाई का? माही आजी सांगे त्या भुताच्या गोष्टी आयकून मी काई कोनाले मारलं नाई अजून.

मोझरी_रोड

ऐका ना भाऊ. गोष्टी ऐका, सांगा, मी स्वतः पोरांना भुताच्या गोष्टी सांगतो. मी म्हणतो ते एवढंच की जादू कोणाच्या अंगात आहे आणि संशय कोणावर येतो, हे दोन वेगळे ठेवा. शक्ती पाटलाच्या घरात आहे, सगळं गाव त्याला मान देतं. आणि 'चेटूक' म्हणून बोट दाखवलं जातं ते एका बाईकडे, जिच्याकडे काहीच शक्ती नाही. वास्तवात अगदी असंच होतं. बहुतेक वेळा मागे दोन एकर जमीन असते, नाहीतर जुनं भांडण.

वैनगंगाकाठची

हे घेते. वेणूबाईकडे शक्ती नाही. तिला फक्त झाडपाला माहीत आहे आणि तोंड बंद ठेवता येतं.

जयसेवा_कोया

जय सेवा. धागा सुरुवातीपासून वाचतोय. गोंड आहे, गडचिरोली जिल्हा.

आधी चांगलं सांगतो. राजा गोंड आहे आणि तो रानटी दाखवलेला नाही, एवढ्याने बरं वाटलं. नाहीतर आमचा माणूस गोष्टीत आला की पिसं लावून नाचतो.

आता खटकलेलं. दुव्यावरच्या पहिल्या प्रकरणात हाक आणि थांग ही दोन घरं 'चार देवे' आणि 'सात देवे' अशी दाखवली आहेत. हे उचललेलं आहे, आणि अर्धवट उचललेलं आहे. आमच्यात चार, पाच, सहा, सात देवांचे सगे, म्हणजे कुळांचे गट, असतात. एका सगेतले सगळे एकमेकांचे भाऊबहीण, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. वेगवेगळ्या सगेतच सोयरीक होते. तुम्ही नेमकं उलटं केलंय: चार आणि सात वेगळे, म्हणून लग्न बंद. आमच्याकडचा दहावीतला पोरगासुद्धा तिथेच पुस्तक ठेवून देईल.

आणि दुसरं. तिसऱ्या प्रकरणात गुहेत कोंडलेली मुलं आणि त्यांना सोडवणारा वाद्य वाजवणारा, हे कुठून आलं ते मला कळतं. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेला माघ पौर्णिमेला आमचे लोक कुठून कुठून येतात. आमचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो, माता जंगो रायताड आणि त्या गुहेतली तेहतीस मुलं ही आमची फॅन्टसी नाही, आमचं पुनेम, म्हणजे आमचा धर्म आहे. तुम्ही तुमच्या कादंबरीत विठोबाला सहायक पात्र कराल का? नाही करणार. मग इथेही हात आखडा.

सगेचा नियम खरोखर समजून घेतला तर तुमच्याच कामाचा आहे. प्रत्येक कुळाला काही झाडं, प्राणी, पक्षी राखायचे असतात. ते मारायचे नाहीत, तोडायचे नाहीत. बंधन म्हणजे नुसती बंदी नसते, राखण पण असते. तुमच्या सातबांधचा दंडक फक्त 'करू नका' एवढाच आहे, म्हणून तो पोकळ वाटतो. त्या दंडकाने काहीतरी राखलंही असलं पाहिजे. नाहीतर इतक्या पिढ्या लोक कशाला पाळतील?

पाळीवरचा_मास्तर

कोया भाऊंचं शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

वैनगंगाकाठची

देवांची संख्या काढून टाकते, गुहेचं प्रकरणही. दोन्ही घरं काल्पनिकच राहू देत, नाव-कुळाशी संबंध नको.

राखणीचा मुद्दा मात्र डोक्यात घोळतोय. समजा, दंडकामुळे असं झालं की पाळीवरच्यांनी कधी मासे धरले नाहीत आणि ढिवरांनी कधी पाटाचं पाणी मागितलं नाही. दोघांचं पोट वेगळं राहिलं, म्हणून तळं टिकलं. दंडक मोडला तर प्रेम जिंकेल, पण उद्या पाळीवरचे पाटील जाळी घेऊन पाण्यात उतरतील. डोमाची आईच याला विरोध करेल. 'तुमचं लग्न होईल बाबा, आमची मासळी जाईल.' प्रेमाच्या आड येणारी प्रत्येक व्यक्ती दुष्ट नसते, हे मला आतापर्यंत कागदावर जमत नव्हतं.

तालुका_कॉलेजची

मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. रोज एसटीने तालुक्याला जाते आणि एसटीतच मोबाईलवर वाचते. तुमची पहिली चार प्रकरणं आमच्या गाडीत बऱ्याच पोरींनी वाचली, म्हणून वाचकांच्या बाजूने बोलते.

शेवटात दोघं मेले तर आम्ही नाही वाचणार. आमच्या आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीत पळून गेलेली पोरगी शेवटी विहिरीत सापडते, नाहीतर तळ्यात. सिनेमात तेच, नाटकात तेच, बातम्यांत तेच, आणि आईचं सांगणंही तेच. आम्हाला माहीत आहे हो ते. जादूची गोष्ट वाचायची तर त्यात तरी दुसरं काहीतरी व्हावं. तुमच्याकडे पाण्याला हाक मारणारी पोरगी आहे आणि तुम्ही तिला पाण्यातच बुडवणार?

अजून एक. गिरजा फार रडते. आणि ती डोमावर नेमकी कशामुळे भाळली ते मला अजून सापडलं नाही. 'त्याचे डोळे तळ्यासारखे खोल' हे तीन वेळा आलंय. कोणत्या पोरीला डोळे पुरतात? तो तिच्याशी काय बोलतो, तिचं काय ऐकून घेतो, ते लिहा. आमच्या गाडीत सर्वात जास्त आवडलेलं वाक्य होतं, 'तू हाक घालतेस तेव्हा पाण्यातल्या मासळ्या घाबरतात, जरा हळू घालत जा.' तिला एवढ्या वर्षांत हे कोणी सांगितलंच नव्हतं. असं अजून पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा

पोरीनं बरोबर पकडलं. डोये खोल! हॅहॅ.

रिद्धपूरकर

थोडं आडवळणाने जातो. चिठ्ठ्यांचं काय? वेणूबाई चिठ्ठ्या पोचवते, म्हणजे दोघांना लिहिता येतं. मग त्या कोणाच्या हाती लागल्या तर? इथे तुम्हाला वऱ्हाडातलं एक सोनं देतो. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत ठेवले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी नावं आहेत. देवनागरीतल्या अक्षरांच्या जागी दुसऱ्याच खुणा. ज्याला ठाऊक त्यालाच वाचता येणार. तेराव्या शतकातलं मराठी गद्य इतकी वर्षं बाहेरच्यांना दिसलंच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कुठे दार उघडलं. आमच्या रिद्धपुरात आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय. तेही याच पुण्याईवर.

कोया भाऊंचं ऐकलंय, त्यामुळे पंथाचं नाव घालू नका. पण गिरजा आणि डोमा स्वतःची लिपी करतात, ही गोष्ट मंत्रापेक्षा भारी आहे. शिवाय पुस्तकात ती लिपी खरीखुरी छापा. कॉलेजच्या पोरी एसटीत बसून सोडवत बसतील.

तालुका_कॉलेजची

सोडवू!! आणि मग त्याच लिपीत बाकावर लिहू.

संपादक

एसटीच्या बाकावर लिहू नये. चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

झाडीचा_नट

नमस्कार जी. मी वडसा भागातला, झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आमचे प्रयोग. रात्री दहाला पडदा, पहाटे कोंबड्याला संपते. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे जत्रा, जिथं गर्दी तिथं नाटक. आमच्यातले परशुराम खुणे यांना २०२३ला पद्मश्री मिळाली, तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोक विचारून राहिले का हे झाडीपट्टी का आहे म्हणून. असो.

मी गोष्ट पाहतो ती लोक कुठं जागे होतात आन् कुठं घोंगडी ओढून झोपतात, ह्या हिशेबानं. तुमच्या मसुद्यात पहाटे तीनचा प्रसंग नाही. तीन वाजता लोक झोपतेत. तिथं असा प्रसंग पाहिजे का बाया पदर तोंडात घालून उठून बसल्या पाहिजे.

तो प्रसंग तुमच्या गावातच पडून आहे. पोळ्याचा दुसरा दिवस. मारबत.

नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबती साऱ्यांना माहीत. काळी १८८१ची, पिवळी १८८५ची. पण खेड्यात तर घरोघरची पोट्टी सकाळी पळसाच्या फांद्या घेऊन ओरडत शिवेवर जातेत. 'रोगराई घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकणं-पिसा घेऊन जा गे मारबत!' साऱ्या गावाची पीडा त्या एका बाईच्या बाहुलीवर घालून तिला जाळतेत. आता तुम्ही पाहा. सातबांधात त्या वर्षी पाणी पडला नाही. गावानं दोघांच्या चिठ्ठ्या पकडल्या. पोट्टी ओरडत चालली आहेत, हसत-खेळत, नेहमीसारखी. आन् मधातच एक पोट्टा ओरडतो, 'वेणीला घेऊन जा गे मारबत!' त्याला काही माहीत नाही, घरी ऐकलं तेच बोलला. दुसरा ओरडतो. मग मोठी माणसं. मग सारा मोर्चा वेणूबाईच्या घराकडे वळते.

ढोल तोच. ओरडणं तेच. फक्त नाव बदललं.

मोझरी_रोड

नटभाऊ, तुमच्या पाया पडतो. याला म्हणतात दाखवणं. मी चाळीस व्याख्यानं दिली तरी हे नाही पोचणार.

एक शंका मात्र आहे. मारबत ही आपल्याकडची लाडकी परंपरा आहे, नागपुरात तर भ्रष्टाचाराचे, महागाईचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, लोक मजेत सरकारला शिव्या देतात. तिला वाईट ठरवू नका.

झाडीचा_नट

मी काही वाईट ठरवलं नाही जी. जे गाव बाहुली जाळते ते चांगलंच करते, राग निघून जाते. बाहुलीच्या जागी बाई आली का मग मात्र ते गाव राहत नाही. गिरजानं हेच ओरडून सांगावं. तिथं तिची हाक पाण्याला नाही, माणसांना.

वैनगंगाकाठची

वाचता वाचता अंगावर काटा आला. पहाटे तीनचा प्रसंग मिळाला. पण गिरजाने लांबलचक भाषण करू नये असं वाटतं. ती तुडुम उघडेल. पाट भरून पाणी वेणूबाईच्या घराभोवती येईल, जमाव आणि घर यांच्या मधोमध. हाक घालून नाही, स्वतःच्या हाताने, कारण तिचा आवाज तेव्हा बसलेला असेल.

निशाचर_वाचक

पाऊस नाही म्हणालात ना? मग तळ्यात पाणी कुठून?

पाळीवरचा_मास्तर

पोळा म्हणजे श्रावण अमावस्या. पाऊस कमी पडला तरी तळ्यात आषाढाचं पाणी थोडं तरी असतंच. उलट हेच धारदार आहे. धानासाठी राखून ठेवलेलं शेवटचं पाणी ती एका विधवेसाठी सोडते. सगळं गाव तिच्यावर चवताळेल, आणि ज्यांच्या बांध्या त्या पाण्याने भिजल्या ते दोन-चार जण मनातून खूश होतील. माणसं अशीच असतात.

कचेरीची_पायरी

दुय्यम निबंधक कचेरीच्या आवारात टंकलेखन करतो. प्रेमाच्या बाजूवर एकच सुचवतो, कारण माझ्यासमोर रोज तेच घडतं.

विशेष विवाह कायदा १९५४चा. मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण. लग्नाची नोटीस द्यायची, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि तीस दिवस थांबायचं. या तीस दिवसांत कायद्यात सांगितलेल्या कारणावर कोणीही हरकत घेऊ शकतो. कारण कायद्यातलं नसेल तर हरकत टिकत नाही. पण ते कागदावर. प्रत्यक्षात नोटीस लागली की गावाकडचा कोणीतरी फोटो काढून पाठवतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून नातेवाईक हजर. दोन सह्यांचं काम, पण ते तीस दिवस पोरांना म्हातारं करतात. जातीबाहेरची जोडपी मी पाहिली आहेत. कोपऱ्यातल्या बाकावर बसून ती नोटीसबोर्डाकडे बघतच नाहीत.

तुमच्या जादूच्या गावात सरकारी कचेरी नाही, पण असं काही असू शकेल का?

वैनगंगाकाठची

असू शकेल! गावच्या पिंपळाला दोघांनी मिळून एक गाठ बांधायची. तीस रात्री ती तशीच राहिली तर लग्न गावाला मान्य. पण गाठ कोणीही येऊन सोडू शकतो, एकच अट, सोडणाऱ्याने दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, स्वतःचं नाव सांगून सोडायची. रात्री सोडली तर हात कायमचे गाठीसारखे आखडतात. ही या गावातली खरी जादू, आणि ती कोणाच्या घराण्याची नाही.

म्हणजे प्रत्येकाला गाठ सुटावी असं वाटतं, पण नाव घेऊन पुढे यायला कोणी तयार नाही.

जयसेवा_कोया

आता बरोबर. आता दंडक गावाचा झाला. आधी तो फक्त लेखिकेचा होता.

डोमाचं वय बघा पण. एकोणीस म्हणालात. तुमच्या काळात कायदा नाही हे खरं, पण आज वाचणाऱ्याला ती नोटीस आठवणारच. दोन वर्षं वाढवा.

तालुका_कॉलेजची

एकवीस चालेल. पण मग तो इतका वेळ करतोय काय? काहीतरी काम द्या त्याला.

वैनगंगाकाठची

डोंगा, म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी, बनवतो. तिसऱ्या प्रकरणापासून एकच डोंगा कोरतोय.

एक विचारायचं राहिलं. सारस पक्षी घालू का? गोंदियात धानाच्या शेतात त्यांची जोडी दिसते, आणि जोडीतला एक गेला तर दुसरा झुरतो असं म्हणतात. गाठीच्या तिसाव्या सकाळी एक जोडी पाळीवर उतरते, असं मनात होतं.

झाडीचा_नट

नको जी. कॅलेंडर होईल.

पाळीवरचा_मास्तर

सारस पाळीवर उतरतही नाही सहसा. त्याला दलदल आणि धानाची बांधी लागते. घालायचाच असेल तर पक्षी नको, त्याची अंडी घाला. रोवणीनंतर बांधीतच घरटं करतो. कुठला शेतकरी घरट्याभोवतीचं धान उभं ठेवतो आणि कुठला उपटतो, यावरून गावातला माणूस ओळखता येईल. गाठ सोडायला कोण येईल याचा अंदाज वाचकाला तिथेच लागू द्या.

मोझरी_रोड

मास्तर, तुम्ही स्वतः का नाही लिहीत?

पाळीवरचा_मास्तर

मला फक्त दुसऱ्याच्या वहीत लाल शाई चालवता येते.

वैनगंगाकाठची

शेवट असा धरते. मरण नाही. गाठ सोडायला गिरजाचा बाप येतो, दिवसाढवळ्या, नाव सांगून. तो हात पुढे करतो, आणि डोमा त्याला गावासमोर सांगतो की तळाशी सांडव्याचे दगड कुठे पुरलेत आणि कोणी पुरले. बाप गाठ सोडतो की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. तालुका कॉलेजच्या गाडीला विचारून ठरवीन.

तालुका_कॉलेजची

गाडीत मतदान घेतलं. निकाल: बापाने गाठ सोडावी. आणि मग गिरजाने तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, पुन्हा बांधावी. तीस रात्री पुन्हा मोजायला लागल्या तरी चालेल. एका पोरीचं मत वेगळं होतं, ती म्हणते दोघांनी नागपूरला निघून जावं आणि नोकरी करावी. तिला सांगितलं की कादंबरीत अजून नागपूर वसलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

सारं झालं, वाघ राहूनच गेला. दिवाणाले तरी खाऊ द्या ना त्याले.

वैनगंगाकाठची

भाऊ, सातव्या प्रकरणात वाघ आहे. पण तो दिवाणाला खात नाही, दिवाणाच्या घोड्याला खातो. दिवाण चालत वसुलीला येतो, आणि चालत आल्यामुळे त्याला पहिल्यांदा बुजवलेला सांडवा दिसतो.

पुढचं प्रकरण पुढच्या आठवड्यात टाकते. लिपीचा तक्ता काढायला रिद्धपूरकर मदत करणार असतील तर व्यक्तिगत निरोपात कळवा.

वऱ्हाडी_ठेचा

जमलं मंग. पुस्तक काढान तवा किंमत पोट्ट्यायले परवडन अशी ठेवा, आन् आमच्या गावच्या वाचनालयाले दोन प्रती फुकट.